फाटकामागचं आभाळ

सपाट मुलखात डोंगर विकायचा धंदा मी आयुष्यभर केला. परभणीच्या बाजारात आमचं तसबिरी मढवायचं दुकान होतं. वडलांच्या काळात येणारं काम ठरलेलं असायचं. देवादिकांच्या तसबिरी, आमच्या समाजातल्या घरांतून स्वामींचे फोटो, आणि वारलेल्या माणसांचे फोटो. मी गल्ल्यावर बसायला लागलो ते सत्तर सालाच्या आगेमागे, आणि त्याच सुमाराला छापील सीनऱ्या यायला लागल्या. सीनरी म्हणजे निसर्गाचं मोठं रंगीत चित्र. शिवकाशीकडून गुंडाळ्यांची पार्सलं स्टेशनवर उतरायची. बर्फाचे डोंगर, तळ्यात हंस, नारळाखाली समुद्र, उतरत्या छपराचं लाकडी घर आणि त्याच्या दारात पिवळी फुलं. आमच्या जिल्ह्यात यातलं काही नाही, म्हणूनच ते खपायचं. लग्नात आहेर द्यायला, न्हाव्याच्या दुकानात आरशाच्या वर लावायला, फोटो स्टुडिओत माणसाच्या मागे टांगायला, सगळीकडे सीनरी लागायची.

दुष्काळाच्या वर्षी माझ्याकडून धबधबे सगळ्यात जास्त गेले. स्टेशन रोडच्या एका हॉटेलवाल्यानं मोठा धबधबा नेला आणि पाण्याच्या रांजणावर लावला. आठ-दहा दिवसांनी परत घेऊन आला. मी विचारलं, "काय झालं? काच फुटली का?"

"काच चांगली हाय आप्पा. पन गिऱ्हाईक त्याच्याकडं बघतंय आन चहाच्या आधी दोन-दोन गिलास पाणी मागतंय. मी पाणी कुठून आणू? हे घ्या, आन वाळवंटाचं असलं तर द्या."

वाळवंट माझ्याकडे नव्हतं. त्यानं लाकडी घर नेलं.

बोरीचे एक गुरुजी होते. शाळेतल्या पोरांना समुद्र दाखवायचा म्हणून त्यांनी समुद्राचं चित्र नेलं. पुढच्या खेपेला आले ते वैतागून. म्हणाले, "पोरं विचारायलीत, पलीकडचा काठ कामून दिसंना? पलीकडचा काठ असलेला समुद्र आहे का?" मी म्हणालो, "गुरुजी, काठ दिसला की त्याचं तळं झालं." त्यांनी थोडा विचार केला आणि तळंही घेतलं. दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी लावून त्यांनी तो धडा पुरा केला म्हणे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, सीनरी निवडायची म्हणजे जी छान दिसते ती घ्यायची. तसं नसतं. आधी चित्रात उजेड कोणत्या अंगानं पडलाय ते बघायचं. खोलीची खिडकी डावीकडे आणि चित्रातल्या सावल्याही डावीकडेच पडलेल्या, असं झालं की भिंत खोटी वाटते. का वाटते ते माणसाला सांगता येत नाही, पण डोळ्याला खुपतं. मग जमीन आणि आभाळ मिळतं ती रेघ बघायची. बघणारा बसून बघणार की उभ्यानं, त्या बेतानं ती रेघ त्याच्या डोळ्यांसमोर आली पाहिजे. आणि ऊन लागणारी भिंत असेल तर आधीच सांगून टाकायचं, की बाबा, यातला पिवळा आणि तांबडा उडून जाईल, निळा तेवढा राहील. परभणीच्या उन्हात बऱ्याच घरांतली पिवळी फुलं निळी झालेली मी पाहिली आहेत.

हे सगळं मला येत होतं, आणि त्याचा थोडा तोराही होता. तो तोरा जिथं कामाला आला आणि जिथं अपुरा पडला, ते एक काम सांगायचं आहे.

एका सकाळी, पाऊसकाळ संपत आला होता तेव्हा, एक बाई दुकानात आल्या. चाळिशीच्या असतील. अंगावर साधं इरकल, हातात कापडी पिशवी. नाव सुभद्राबाई खिल्लारे. त्यांच्या घरातली बुद्धाची तसबीर मीच मढवून दिली होती, म्हणून ओळख होती. मालक रेल्वेत इंजिनाचे ड्रायव्हर.

"आप्पा, मागं लावायची सीनरी पाह्यजे. लांबट. ह्या भिंतीपासून त्या भिंतीलोक पुरंल अशी."

"कशाच्या मागं?"

त्या जरा घुटमळल्या. "रेल्वेच्या मागं. घरात रेल्वे बनवलीय त्यांनी. खेळण्यातल्यावानी. रूळ, गाडी, सिग्नल, समदं. आता म्हनतेत, मागं आभाळ पाह्यजे."

मला गंमत वाटली. मी चांगल्या चार गुंडाळ्या काढल्या. रेल्वे म्हणजे डोंगर हवा, बोगदा हवा, असा माझा हिशेब. बाई घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी चारही परत घेऊन आल्या.

"न्हाई म्हनले."

मग नारळाची दिली, कुरणाची दिली, नदीची दिली. सगळी परत. तिसऱ्या खेपेला मी विचारलं, "त्यांना पाहिजे तरी काय?"

"ते सांगत न्हाईत. चित्र उलगडतेत, बघतेत, आन गुंडाळून ठिवतेत. तुमीच येकदा घरी या. कुणाशी बोलत न्हाईत ते, पन चित्राचं तुमाला इचारतील."

मी गेलो. पुढच्या खोलीत, एरवी जिथं पाहुण्यांना बसवतात तिथं, लाकडी घोड्यांवर फळ्या टाकून मोठा मांड केलेला होता. त्यावर लहान लाईन. आमच्याकडे तेव्हा लहान लाईनच, म्हणजे मीटरगेज, होती, मनमाडहून परभणी, पूर्णा करत पुढे हैदराबादकडे जाणारी. किल्लीचं इंजिन विकत आणलेलं होतं, पण काळा रंग देऊन, धुराडं बदलून त्यांनी ते आपलं करून घेतलं होतं. रुळांखाली खडी म्हणून बारीक चाळलेला मुरूम. शेत म्हणून खरी काळी माती, वाळवून भुगा केलेली. खेळण्यातला भडकपणा कुठंच नव्हता. मधोमध एक गाडीवाट रुळांवरून आडवी गेलेली. आमच्याकडे याला फाटक म्हणतात, पण दांडा नाही, राखणदार नाही, नुसता रस्ता रुळांवरून जातो. मागे मात्र चुन्याची पांढरी भिंत.

खिल्लारे उंच, हाडापेराचे, मनगटावर जुने भाजल्याचे डाग. त्यांनी मला बसायला पाट दिला आणि एकदम कामाचं बोलले.

"आप्पा, मला सपाट पाहिजे. डोंगर नको. पाणी नको."

"सपाट कोणी छापत नाही हो. सपाट विकत कोण घेणार?"

"हिरवं पण नको. एवढं हिरवं नव्हतं तेव्हा."

तेव्हा म्हणजे कधी, हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी ते गिळलं. विचारलं, "मग कसं होतं?"

ते खिडकीकडे बघत सावकाश बोलायला लागले. "सकाळ. थंडीची. ज्वारी काढलेली. रानात कडब्याच्या गंजी. आभाळ खाली पांढरट आणि वर निळं. सगळं रान एका रंगाचं, बघा. वाळल्या चाऱ्याचा रंग."

जाताना ओसरीवर सुभद्राबाईंनी मला थांबवलं आणि हळू आवाजात उलगडा केला. मागल्या थंडीत चुडाव्याच्या अलीकडच्या फाटकावर त्यांच्या इंजिनाचा कडब्याच्या बैलगाडीला धक्का बसला होता. गाडी थांबवून त्यांनीच जखमी माणसाला उचलून डब्यात घातलं आणि पूर्णेच्या दवाखान्यात पोचवलं. चौकशी झाली. शिट्टीच्या पाटीपाशी शिट्टी दिली होती, वेग बरोबर होता, दोष नाही असा निकाल लागला. तोवर माणूस दवाखान्यातच होता. मग महिन्याभरानं लाईनवरचा एक गँगमन भेटला आणि सहज बोलून गेला, "चुडाव्याचा तो गेला हो, परवा."

"तवापासनं इंजिनावर चढले की हात कापायलेत त्याहीचे," बाई म्हणाल्या. "रजा काढलीय. आता रजा संपायला आलीय. हजर झाले न्हाईत तर अनफिट करून घरी बसवतील. तसं झालं तर झालं, पोटाला मिळंल. पन हा माणूस असा बसून राहिला तर माझ्या हातचा जाईल, आप्पा."

त्यांनी रेल्वे कशासाठी बनवली ते मला तेव्हा कळलं. ते फाटक त्यांना परत बघायचं होतं.

मी दुकानात येऊन कोपऱ्यातला सगळा जुना माल काढला. अख्खं चित्र मिळणार नव्हतंच, तुकड्यांतून जमवायला लागणार होतं. बियाणं विकणाऱ्या एका दुकानाचं भिंतीवरचं कॅलेंडर होतं, त्यात खाली काढलेल्या ज्वारीचं रान आणि मधे एक ट्रॅक्टर. ट्रॅक्टर कापला की रान उरत होतं. गावातल्या ओळखीच्या दुकानांतून तशी आणखी कॅलेंडरं मागून आणली. आभाळासाठी मी समुद्राचं चित्र निवडलं. समुद्रावरचं आभाळ पाण्याजवळ धुरकट पांढरं असतं आणि वर चढत निळं होतं, आमच्याकडच्या थंडीतल्या सकाळच्या आभाळासारखंच. पाण्याच्या रेघेवर कापलं की खाली काळ्या मातीचं रान लावायला मोकळं. फक्त सगळ्या तुकड्यांत उजेड एकाच अंगाचा पाहिजे होता. आंब्याच्या एका झाडासाठी मी जवळजवळ सगळ्या गुंडाळ्या उलगडल्या. एक झाड सुरेख होतं, पण त्याची सावली उलटी. शेवटी आमराईच्या एका चित्रातलं कडेचं, फारसं न दिसणारं झाड घेतलं.

मैद्याची खळ करून तिच्यात मोरचूद घातलं, म्हणजे कसर लागत नाही. जोडायच्या कडा कात्रीनं न कापता बोटांनी फाडल्या. फाटलेली कड पातळ होत जाते, तिचा सांधा दिसत नाही. खिल्लारेंनी एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या बाजूनं फडक्यानं दाबत गेलो. त्यांचे हात त्या वेळी जराही कापत नव्हते.

"रेघ कुठं धरायची?" मी विचारलं.

त्यांनी गुडघे टेकले, हनुवटी फळीला लावली आणि इंजिनाच्या मागून बघितलं. "अजून खाली. खाली घ्या. बस."

काम संपल्यावर मी मागे सरकून बघितलं. आपणच चिकटवलेलं आहे हे माहीत असून मला क्षणभर चुडाव्याकडचं रान दिसलं. मी खूश होऊन त्यांच्याकडे वळलो. ते कपाटातून एक फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढत होते. फडकं सोडलं तर आत बैलगाडी. काड्यांची चाकं, मातीचे बैल, आणि वर खऱ्या कडब्याचे बारीक तुकडे भरलेले. त्यांनी ती गाडीवाटेवर रुळांच्या थोडी अलीकडे ठेवली आणि परत हनुवटी फळीला लावली.

"पांढऱ्या भिंतीपुढं ती लगेच दिसायची," ते तसेच वाकून बोलले. "रोज दिसायची. मला वाटायचं, मग मला कशी दिसली नाही. बघा तुम्ही."

मी त्यांच्याशेजारी बसून बघितलं. कडब्याच्या रंगाच्या रानापुढे कडब्याची गाडी. गाडी तिथं आहे हे ठाऊक होतं म्हणून सापडली, नाहीतर रानातली एक गंज.

"नाही दिसत," मी म्हणालो.

"नाही दिसत," ते म्हणाले. ते उठले, खाटेवर बसले. मला वाटलं आता यांचं मन हलकं होईल. पण त्यांनी हातातलं फडकं घडी घालत म्हटलं, "पण माणूस तर गेलाच ना, आप्पा."

इतकं नेमकं चित्र लावून मी त्या माणसाच्या घरात ती सकाळ कायमची चिकटवून ठेवली, असं मला वाटायला लागलं. घरी जेवणात लक्ष लागेना. आमच्या मंडळींनी विचारलं तर सांगितलं, काही नाही, खळ नीट शिजली नव्हती.

पूर्णेला एका स्टुडिओवाल्याकडे माझं जाणं-येणं असायचं. त्या आठवड्यात त्याचा पडदा पोचवायला गेलो आणि तसाच पुढच्या गाडीनं एक स्टेशन पुढे चुडाव्याला उतरलो. काय करणार होतो ते ठरलेलं नव्हतं. गेलेल्या माणसाच्या घरी बसून यावं, त्यांच्या मनात राग आहे की नाही ते बघावं, नसला तर तेवढा निरोप आणावा, असं काहीतरी. स्टेशनबाहेर चहाचं दुकान होतं. चहा घेतला आणि दुकानदाराला विचारलं, "मागल्या थंडीत फाटकावर कडब्याच्या गाडीला इंजिन लागलं होतं, त्यांचं घर कुठं आलं?"

"लिंबाजीचं व्हय? घराला कशाला जाता? त्यो काय, पारावर बसलाय."

मी म्हणालो, "लिंबाजी त्यांचा कोण?"

"कुनाचा?"

"जे गेले त्यांचा."

चहावाला माझ्याकडे बघत राहिला. मग पाराकडे तोंड करून म्हणाला, "ओ लिंबाजी, हे पाहुणे इचारायलेत, तुमी कवा गेलात?"

पारावरचा माणूस काठी टेकत उठला आणि लंगडत माझ्याकडे आला. पन्नाशीचा, बारीक, डोक्याला मळकं मुंडासं. मी बाकावर बसलो आणि माझं तोंड पाहून त्यानंच दुकानदाराला पाणी आणायला सांगितलं.

"मला काय झालंय?" लिंबाजी म्हणाला. "मांडीचं हाड मोडलं व्हतं. नांदेडला बसवलं. जरा लंगडतो, पन चालतो. गेला त्यो माझा बैल. महिनाभर पाय वढत व्हता, मंग गेला. समद्या लाईनीवर झालं, लिंबाजीचा गेला, लिंबाजीचा गेला. पार पेडगावहून सोयरे आले बसायला. म्या खाटंवरून या म्हन्लं तर बाई किंचाळली."

हसावं की रडावं ते मला कळेना. मी त्याला ड्रायव्हरची सगळी हकीकत सांगितली. तो ऐकत होता आणि मधे मधे काठीनं मातीत रेघा ओढत होता. मग म्हणाला, "त्याहीनंच मला उचललं. आपला टावेल फाडून मांडी बांधली. पाणी पाजलं. म्या घरच्यांला म्हन्लं बी, या मानसाला येकदा भेटावं. पन नाव मालूम न्हाई, गाव मालूम न्हाई. इंजनावर कोन हाय ते खालच्याला काय कळतंय?"

"भेटायला येता का परभणीला?"

"बाजारच्या दिवशी येतो. तसं बी पेंड आनायचीय."

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसलो होतो. गाडी त्या फाटकावरून गेली. आता ज्वारी उभी होती, सगळीकडे हिरवं होतं. माझं झाड खऱ्या झाडापेक्षा बरंच उंच होतं, हे मी बघून घेतलं.

स्टेशनवरून तडक खिल्लारेंच्या घरी गेलो आणि उभ्याउभ्याच सांगितलं. सुभद्राबाई दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या. खिल्लारे मात्र हलले नाहीत. माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "आप्पा, तुम्ही भले माणूस आहात. हिनं तुम्हाला असं सांगायला लावलं का?"

"नाही हो. मी बोललो त्यांच्याशी. बैल गेला, बैल."

"मी ऐकलंय माझ्या कानानं. माणूस असा उठून पारावर बसत नाही."

मी पुष्कळ सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि मला दारापर्यंत सोडायला आले. विश्वास मात्र ठेवला नाही. बाजारच्या दिवसापर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. लिंबाजी आला नाही तर मी उगीच आशा लावणारा माणूस ठरणार होतो.

लिंबाजी आला. दुकान उघडून मी पायरी झाडत होतो तेव्हाच, काठी आणि खांद्यावर रिकामं पोतं. मी फळ्या परत लावल्या आणि त्याला घेऊन निघालो. वाटेत त्यानं एकदाच विचारलं, "काय म्हनायचं मी त्याहीला?"

"काही म्हणू नका. नुसतं या."

खिल्लारे मांडापाशी बसून सिग्नलच्या हाताला रंग देत होते. लिंबाजी उंबऱ्याच्या आत आला आणि उभा राहिला. खिल्लारेंनी वर बघितलं. त्यांनी त्याला ओळखलं हे त्यांच्या तोंडावरून दिसलं, कारण कुंचला हातात तसाच राहिला आणि रंग फळीवर ठिबकायला लागला. ते उठून त्याच्याजवळ गेले. त्याच्या दंडाला हात लावला, मग खांद्याला, जसं एखादा माणूस फळ दाबून बघतो तसं.

"मीच हाव," लिंबाजी म्हणाला. "बसू का? पाय दुखायलाय."

सुभद्राबाईंनी पुढे होऊन पाट टाकला. लिंबाजी बसला, आणि समोर बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं. "हे आमचं चुडाव्याचं फाटक हाय की. ह्यो आंबा, ही वाट." तो वाकून बैलगाडीकडे बघत राहिला. "कडबा कमी भरलाय तुमी. म्या लय भरला व्हता. वर बसलो तर मला माझंच मागलं दिसंना."

"शिट्टी?" खिल्लारेंनी विचारलं. "मी शिट्टी दिली होती. ऐकू आली नाही का तुम्हाला?"

"न्हाई. थंडी लय व्हती, कान गच्च बांधले व्हते मुंडाशानं. बैलांनी ऐकली. ते कान टवकारून थांबले बगा रुळापाशी. मला वाटलं, उगं अडायलेत. म्या फोक मारला, चल म्हन्लं. बैलाचं ऐकायला पाह्यजे व्हतं."

खिल्लारे त्याच्यासमोर जमिनीवरच बसले होते. "बैलाचं वाईट झालं," ते म्हणाले.

"झालं. पन थकला व्हता त्यो बी. तुमी कामून मनाला लावून घेतलं येवढं?"

त्यावर खिल्लारेंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. लिंबाजी माझ्याकडे बघायला लागला, आपलं काही चुकलं का अशा नजरेनं. मी मान हलवली. सुभद्राबाई आतून म्हणाल्या, "भाकरी टाकायलेय. खाल्ल्याबिगर कुनी जायचं न्हाई." त्यांचा आवाज मी इतका मोठा कधी ऐकला नव्हता.

आम्ही तिघं एका ओळीत जेवायला बसलो. भाकरी, पिठलं, ठेचा. लिंबाजी बोलका माणूस निघाला. दवाखान्यातल्या गमती, नवा बैल कसा मारका निघाला ते, सगळं सांगत होता, आणि खिल्लारे मधेच एखादी गोष्ट विचारत होते. माणसं जेवताना विचारतात तशा साध्या गोष्टी. किती रान आहे, विहिरीला पाणी आहे का. मी खाली मान घालून जेवत होतो.

दोन दिवसांनी सुभद्राबाई दुकानात आल्या. काही घ्यायला आल्या नव्हत्या. "सांगून जावं म्हन्लं," त्या म्हणाल्या. "तुमी गेल्यावर जे आडवे झाले ते दिवस बुडंस्तोवर उठले न्हाईत. म्या दोनदा नाकापाशी हात धरून बघितला. नुसते घोरायलेत. सोमवारी हजर व्हतो म्हनले."

रेल्वेनं त्यांना लगेच गाडीवर पाठवलं नाही. आधी पूर्णेला यार्डात डबे इकडून तिकडे करायचं काम दिलं, मग मालगाडी, आणि नंतर पुन्हा पॅसेंजर. हात थरथरल्याचं परत कधी ऐकलं नाही.

घरातली रेल्वे पुढं मोडली. पुतणीच्या लग्नात पुढची खोली मोकळी करायला लागली, आणि फळ्यांवर पापड वाळायला लागले. मागचं चित्र भिंतीवर तसंच होतं. पुढच्या उन्हाळ्यात चुना मारताना तेही गेलं. गावातले झाडून सगळे फोटोग्राफर माझी गिऱ्हाईकं, पण त्या चित्राचा एक फोटो काढून ठेवावा हे मला सुचलं नाही. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम ते, आणि ते दाखवायला माझ्याकडे काही नाही. याची चुटपुट अजून आहे. तशी फार नाही.

लिंबाजी बाजारला आला की दुकानात डोकावायचा. सीनऱ्या बघायचा, हे कुठलं, ते कुठलं विचारायचा, कधी घेतली मात्र नाही. पुढे एका थंडीत आला तेव्हा मी विचारलं, "खिल्लारे भेटतात का?"

"भेटतेत न. सकाळच्या गाडीवर असतेत कधी कधी. म्या रानात निघालेला असतो. रुळाच्या अलीकडं गाडी हुबी करतो, मुंडासं कानावरून वर घेतो. ते हात करतेत, म्या बी करतो."

"अन् रेल्वे अजून दूर असली तर? तितका वेळ थांबता?"

"थांबतो की," लिंबाजी म्हणाला. "त्याहीला बी बघायचं असतंय न मला."